प्रति: सायप्रसचे ब्रिटिश तळ आता कशाला?

वर म्हटलंय की सायप्रसमधले ब्रिटिश तळ म्हणजे साम्राज्याची उरलीसुरली खूण, आता उपयोग शून्य. मला नाही पटत. एकतर हे तळ भाड्याचे नाहीत, १९६० ला सायप्रस स्वतंत्र झाला तेव्हाच ब्रिटनने अक्रोतिरी आणि धेकेलिया हे दोन तुकडे, मिळून २५४ चौ. किमी म्हणजे बेटाचा साधारण ३ टक्के भाग, स्वतःच्या सार्वभौमत्वाखाली ठेवून घेतला, त्यामुळे करार संपला आता निघा असं सायप्रस सरकारला म्हणताच येत नाही.

नकाशा बघा ना जरा. सिरिया, लेबनॉन अगदी शेजारी, खाली सुएझ. आयसिसवर इराक-सिरियात हल्ले करायला विमानं अक्रोतिरीहूनच उडायची आणि जानेवारी २०२४ मध्ये येमेनमधल्या हूथी बंडखोरांवर टायफून लढाऊ विमानं गेली तीपण इथूनच, हवेत इंधन भरत भरत. पण खरा माल मला वाटतं आयोस निकोलाओसचं, दुसऱ्यांचे संदेश चोरून ऐकण्याचं केंद्र आणि त्रोदोस डोंगरावरचं रडार. ७० च्या दशकात ब्रिटन पैसे वाचवायला तळ सोडायच्या विचारात होतं तेव्हा अमेरिकेनेच नका सोडू म्हणून गळ घातली, ती काय उगाच?

बाकी तळांमुळे बेटाचं रक्षण होतं हे मात्र राहू द्या. ब्रिटन सायप्रसच्या स्वातंत्र्याचा हमीदार देश, तरी १९७४ ला तुर्कस्तानचं सैन्य उत्तरेत उतरलं तेव्हा तळांवर निर्वासितांना आसरा मिळाला, पण फौज काही अडवली नाही कुणी.