जुन्या एमटीबीला होलोटेक-२ क्रँक बसवायचा आहे : बीबी, चेनरिंग आणि चेनलाइन यांचा मेळ कसा घालावा?

घाटवेडा (प्रश्न)

माझ्याकडे २७.५ इंची चाकांची, पुढे तीन आणि मागे आठ गिअरची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल आहे. पुढे ४२-३४-२४ दात्यांचा स्क्वेअर टेपर (चौकोनी टोकाच्या आसेवर बसणारा) क्रँक असून मागे ११-३४ कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच आहे. गेल्या महिन्यापासून सिंहगडाच्या घाटात जोर लावला की क्रँकपाशी खटखट आवाज येतो, आणि क्रँक हाताने आडवा हलवला असता बीबीत (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकची आस ज्यात फिरते ती बेअरिंग) खेळ जाणवतो. नाही तरी बीबी बदलायचेच आहे, तर त्याबरोबर क्रँकही बदलावा असा विचार आहे. एका मित्राकडे शिमानोचा डिओरे एम५९० हा होलोटेक-२ (आस क्रँकलाच जोडलेली असते त्या प्रकारचा) क्रँक पडून आहे. तो ४४-३२-२२ दात्यांचा आणि १७० मिमी लांबीचा आहे. तो माझ्या फ्रेमला बसेल का? दुकानात विचारले असता मला पुढे एकच ३२ दात्यांची चेनरिंग (पुढचे दातेरी चक्र) आणि मागे ११-४२ कॅसेट घेण्याचा सल्ला मिळाला, कारण 'आता सगळे तेच वापरतात'. मला घाट सोपा व्हायला हवा आहे. सपाटीवरच्या वेगाची मला फारशी फिकीर नाही. बीबीच्या शेलची (फ्रेमच्या ज्या नळीत बीबी बसतो तिची) रुंदी पट्टीने मोजली तर साधारण सात सेंटिमीटर भरते.

ग्रीसचा डबा

'साधारण सात सेंटिमीटर' या मापावर बीबी विकत घेऊ नका. आटे असलेल्या एमटीबी फ्रेमचे शेल ६८ मिमी किंवा ७३ मिमी असते आणि सत्तर हा आकडा नेमका या दोहोंच्या मध्ये पडतो. व्हर्निअर कॅलिपरने फक्त फ्रेमच्या नळीची रुंदी मोजा. बीबीच्या कपांच्या कडा त्यात धरू नका. जुना बीबी काढल्यावर आत आटे दिसले, तर ते बहुधा बीएसए म्हणजे १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ आटे असे असतील. आटेच नसतील आणि बेअरिंग ठोकून बसवलेली असतील, तर तो प्रेसफिटचा प्रकार आहे आणि पुढचे सगळे गणित वेगळे होते.

निवडीचा क्रमही नीट लक्षात घ्यावा. शेल फ्रेमबरोबर आलेले असते, ते बदलता येत नाही. क्रँक आपण निवडतो. बीबी हा या दोघांमधला दुवा असल्यामुळे तो सर्वांत शेवटी ठरतो. तुमच्या मित्राच्या क्रँकची आस २४ मिमीची आहे आणि ती क्रँकलाच जोडलेली आहे, म्हणून तुमचा स्क्वेअर टेपर बीबी चांगल्या अवस्थेत असता तरी त्याला चालला नसता. पाकिटावर ६८/७३ असे लिहिलेला होलोटेक-२ एमटीबी बीबी घ्या. रोडबाइकच्या बीबीचे भोकही २४ मिमीचेच असते, पण त्यासोबत तुम्हाला लागणारे स्पेसर (अंतर भरून काढणाऱ्या कड्या) येत नाहीत. जीएक्सपी (स्रॅम कंपनीच्या पद्धतीचा) बीबी स्वस्तात मिळाला तरी तो घेऊ नका, कारण त्याचे डाव्या बाजूचे भोक २२ मिमीचे असल्याने तुमची आस त्यातून जाणारच नाही.

जुना क्रँक ठेवून फक्त चेनरिंग बदलण्याचा विचार असेल, तर आधी त्या रिव्हेटने जोडलेल्या आहेत का ते पाहा. अशा सायकलींच्या क्रँकवर त्या बहुतेकदा तशाच असतात आणि मग सुट्या बदलता येत नाहीत.

दाते मोजणारा

दुकानदाराचा सल्ला मानण्यापूर्वी एक साधा भागाकार करून पाहावा. तुमचा आजचा सर्वांत हलका गिअर २४ भागिले ३४, म्हणजे ०.७१ आहे. ३२ ची चेनरिंग आणि ४२ चा मागचा चक्का घेतला तर तो ०.७६ होतो, म्हणजे कॅसेट, डिरेल्युर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा) आणि चेन यांवर खर्च करून घाट आजच्यापेक्षा जड होईल! पुढे एकच चेनरिंग ठेवण्याची पद्धत वाईट नाही, पण तिला मागे ५० किंवा ५१ दात्यांची जोड लागते आणि त्यासाठी अकरा-बारा गिअरची सगळी जुळणी बदलावी लागते.

मित्राच्या क्रँकने मात्र २२ भागिले ३४, म्हणजे ०.६५ मिळेल. हा फरक आठ टक्क्यांचा आहे. ऐकायला तो किरकोळ वाटतो, पण घाटातल्या शेवटच्या वळणांवर मांड्यांना तो नेमका कळतो.

अडचण ४४ दात्यांच्या चेनरिंगची आहे. मागच्या डिरेल्युरला किती सैल चेन ओढून धरता येते याला मर्यादा असते. आज तुमची गरज (४२-२४) अधिक (३४-११), म्हणजे ४१ दात्यांची आहे. नव्या क्रँकने ती ४५ होईल आणि साध्या डिरेल्युरला ती झेपेलच असे नाही. मी तुमच्या जागी असतो तर ४४ ची चेनरिंग काढून तिथे ३२ दात्यांसाठीचा बॅश गार्ड (बिनदात्यांची संरक्षक चकती) बसवला असता. गरज एकदम ३३ वर येते, चेन आखूड करता येते आणि दगडावर क्रँक आपटला तरी दाते वाचतात. सर्वांत जड गिअर ३२ ला ११ असा राहील. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरला तर मिनिटाला पेडलच्या ८० फेऱ्यांनी ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. तुमच्या अपेक्षेला तेवढा पुरेसा आहे. बॅश गार्ड १०४ मिमी बीसीडीचा (बोल्टांच्या वर्तुळाच्या व्यासाचा), चार बोल्टचा घ्यावा. या क्रँकवर मोठ्या आणि मधल्या चेनरिंगचे बोल्ट १०४ मिमीच्या वर्तुळावर असतात, तर लहान चेनरिंगचे ६४ च्या.

घाटवेडा

दोघांचेही आभार. कॅलिपरने शेल ७३ मिमी भरले. जुन्या बीबीचा उजवा कप काढताना मी बराच वेळ चुकीच्या दिशेने जोर लावत होतो. त्या बाजूचे आटे उलटे असतात हे नंतर लक्षात आले. आत आटे आहेत आणि ते शाबूत आहेत. नव्या बीबीसोबत २.५ मिमीचे तीन स्पेसर आले आहेत. तिन्ही लावायचे का? शिवाय हा क्रँक नऊ गिअरच्या संचातला आहे, त्यावर माझी आठची चेन चालेल ना?

ग्रीसचा डबा

चेन चालेल, त्याची काळजी नको. स्पेसर मात्र एकच लावा, तोही उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूला. तिन्ही स्पेसर ६८ मिमी शेलसाठी असतात. तेव्हा दोन उजवीकडे आणि एक डावीकडे लागतो. ७३ मिमी शेलवर तिन्ही लावले तर आस डाव्या बाजूला पुरेशी बाहेर येणार नाही, डावा क्रँक अर्धवटच बसेल आणि चालवताना त्याच्या आतल्या खाचा झिजून तो कायमचा निकामी होईल. नेमक्या याच चुकीमुळे माझा एक क्रँक वाया गेला आहे. एक स्पेसर बरोबर बसला की मधल्या चेनरिंगची चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासूनचे अंतर, ५० मिमी येते.

आट्यांना ग्रीस लावून दोन्ही कप आधी हाताने तीन-चार फेरे फिरवा, मगच पाना लावा. सुरुवातीलाच अडखळले तर आटे तिरके चढत आहेत असे समजून लगेच थांबा. कपांना ३५ ते ५० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो. डाव्या क्रँकची प्लॅस्टिकची टोपी मात्र तिच्या लहान अवजाराने, बोटांच्या जोरावर, खेळ जाईल इतकीच आवळावी. तिचे काम फक्त बेअरिंगवर हलका दाब देण्याचे आहे. त्यानंतर डाव्या क्रँकचे दोन बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळत १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत न्यावेत.

पुढच्या डिरेल्युरचा 'एच' लिहिलेला स्क्रू आत घ्यावा लागेल, म्हणजे बाहेरची पट्टी बॅश गार्डला घासणार नाही. शिफ्टरची तिसरी खूण मग वापरायची नाही. पहिल्या फेरीनंतर, साधारण ४०-५० किलोमीटरवर, ते दोन बोल्ट पुन्हा तपासा.