एचआरटी (हार्मोनची औषधं) सुरू झाल्यावर लोहाची गोळी चालू ठेवायची का? (सांगली)

हळदीचं_बोट:
वय ४६, विश्रामबाग. फायब्रॉइडमुळे (पिशवीतल्या गाठी) चार वर्षं अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन ७.८ वर आलेलं. तेव्हापासून लोहाची १०० मिलिग्रॅमची गोळी रोज, एक दिवस चुकवली नाही. सहा महिन्यांपूर्वी पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली. मग जे सुरू झालं ते काय सांगू, रात्री दोनला पंखा पाचवर आणि तरी गाऊन ओलाचिंब. मिरजेच्या मॅडमनी इस्ट्रोजेन हे हार्मोन सुरू केलं, आता झोप लागते. पण लोहाचं त्यांना सांगायचं राहून गेलं. ती गोळी गल्लीतल्या डॉक्टरांची, ते म्हणतात, "असू दे, टॉनिकच आहे." सकाळी इस्ट्रोजेन, लोह, कॅल्शियम तिन्ही एकदम तोंडात टाकते, वर चहा. पोट साफ होत नाही. डोस कमी करू की बंदच?

घेवडा_कोरेगाव:
ताई, पिशवीच गेली तर आता रक्त जातंय कुठून? बाईचं बरंचसं लोह पाळीतून जातं. ते थांबलं की दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅमच्या आसपास जातं, आणि जादाचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, ते साठत राहतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या तक्त्यात पाळी चालू असलेल्या बाईला आहारातून दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय, पुरुषाला १९. फरक पाळीचाच. टॉनिक म्हणून आयुष्यभर घ्यायची ही गोळी नव्हे.
पण माझ्या सांगण्यावरून बंद करू नका. सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) करा. नुसत्या हिमोग्लोबिनवरून साठा कळत नाही. अंगात ताप, सूज असताना करू नका, फेरिटिन खोटं वर दिसतं.

शाळूची_भाकरी:
माझं उलटं आहे म्हणून लिहिते. पिशवी आहे, त्यामुळे इस्ट्रोजेनबरोबर महिन्यातले काही दिवस प्रोजेस्टेरॉन, आणि ते थांबलं की पाळीसारखा रक्तस्राव. आमच्याकडे सगळ्यांना वाटलं, पन्नाशी उलटली, आता लोह कशाला? फेरिटिन निघालं फक्त ११. म्हणजे एचआरटी म्हणजे लोह बंद असं गणित नाही, रक्त जातंय का ते बघायचं.
मला एक दिवसाआड गोळी दिली. रोज घेतली की शरीर दुसऱ्या दिवशी लोह कमी ओढतं म्हणे. पोटाचा त्रासही निम्म्यावर आला. आणि बाई गं, लोहावर चहा? सगळं पाण्यात! लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तासाभरानं. कॅल्शियम रात्री जेवणानंतर.

अजिंक्यताऱ्याखाली:
थोडं वेगळं, पण कामाचं. मी ट्रान्स बाई, साताऱ्यात राहते. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) दाबायचं औषध सुरू केल्यावर हिमोग्लोबिन १५.१ वरून १२.७ वर आलं. रिपोर्टवर अजून 'पुरुष' छापलेलं, त्यामुळे १३ च्या खालचा आकडा ठळक काळ्या अक्षरांत. एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघून लगेच लोह लिहिलं. दोन महिने काळी शी आणि मळमळ. मग हार्मोनवाल्या डॉक्टरांनी फेरिटिन केलं, ९४. लोह भरपूर होतं. टेस्टोस्टेरॉन लाल पेशी वाढवतं, ते उतरलं की हिमोग्लोबिन बाईच्या पातळीवर येतं. बायकांची सीमा १२, म्हणजे मी ठीकच होते.
टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या माझ्या ट्रान्स पुरुष मित्राचं नेमकं उलट. त्याची पाळी थांबली, हिमोग्लोबिन चढलं, आता दर काही महिन्यांनी हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) बघतात, रक्त घट्ट तर होत नाही ना म्हणून.

पोवई_नाक्याचं_मेडिकल:
काउंटरवर रोज बघतो. इस्ट्रोजेन आणि लोह यांचं एकमेकांशी वैर नाही. वैर आहे ते थायरॉइडच्या गोळीचं. ती असेल तर लोहात चार तासांचं अंतर हवंच. शिवाय इस्ट्रोजेन तोंडावाटे सुरू झालं की थायरॉइडचा डोस कधी कधी वाढवावा लागतो, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) पुन्हा बघून घ्या.
दुसरं, ताई. पिशवी गेल्यावरही फेरिटिन कमीच निघालं तर गोळी वाढवून गप्प बसू नका. अल्सर, मूळव्याध, आतडं, कुठून तरी रक्त जात असतं. ते शोधायला लावा.

हळदीचं_बोट:
रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन १३.२, फेरिटिन १८६. मिरजेच्या मॅडम आधी रागावल्या, चार वर्षांच्या गोळ्या लपवल्या म्हणून (लपवल्या कुठं, विसरले). लोह बंद, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. इस्ट्रोजेन आणि कॅल्शियम चालू. चहाही चालू, शाळूताई!
अडीच स्ट्रिपा उरल्यात. जाऊबाई म्हणतात मला द्या, मलाही थकवा आहे.

घेवडा_कोरेगाव:
त्यांना गोळ्या नका देऊ, लॅबचा पत्ता द्या.

पोवई_नाक्याचं_मेडिकल:
कापलेल्या स्ट्रिपा कुणी परत घेणार नाही. घरात लहान पोर आहे का? असेल तर आत्ता उठा आणि वरच्या फळीवर ठेवा. लाल, गुळगुळीत, गोळी-चॉकलेटसारख्या दिसतात, आणि लहान मुलाच्या पोटात जास्त लोह गेलं तर जिवावर बेततं.

हळदीचं_बोट:
जाऊबाईंचा दीड वर्षाचा आहे. डबा फ्रिजवर ठेवलेला, तिथं हा खुर्ची ओढून पोचतो. आता कपाटात, कुलूप लावून.