मदत हवी आहे : दुपारी चारला उठणारी डोकेदुखी

मंडळी, मी यावल तालुक्यातली. केळीची कापणी सुरू झाली की सकाळी सातपासून मजुरांसोबत शेतात. पारा ४४-४५ ला, आणि चारच्या सुमारास उजवं कानशील ठणकायला लागतं. आधी वाटायचं, ऊनच. पण गुरुवारी उपास असतो, त्या दिवशी घरात सावलीत बसूनही दुखतं. आणि पाणी? भरून नेलेली बाटली संध्याकाळी अर्धी परत येते. चहा मात्र पाच-सहा कप!

सासूबाई सहाणेवर सुंठ उगाळून लेप देतात. आधी चांगली आग होते, मग हलकं वाटतं. पण लेप वाळून पोपडे पडेपर्यंतच. गोळ्या टाळतेय. महिन्यात १०-१५ दिवस घेतल्या तर त्यांनीच डोकं दुखायला लागतं, असं डॉक्टरांनी बजावलंय. बीपी, चष्मा तपासून झालं, ठीक आहे.

चहा एकदम तोडला तर दोन दिवस जास्तच दुखलं. तुम्ही तो कमी कसा केलात? उपासाला काय खाता? मीठ-साखरेचं लिंबूपाणी शेतात नेऊन कुणाला खरंच फरक पडलाय का? ताक सांगू नका, दुपारपर्यंत पार आंबून जातं.