मदत हवी आहे: भाचीने स्वतःच रिप्लाय दिलेत, तरी तक्रार करता येते का?

नमस्कार मंडळी, भांडुपला राहते. माझी भाची दहावीत आहे, अजून सोळा पूर्ण नाहीत. शनिवारी राहायला आली होती, रात्री मटार सोलता सोलता म्हणाली मावशी एक सांगू, पण तू ओरडणार नसशील तरच. क्लासमध्ये शिकवणारा एक जण, सव्वीस वर्षांचा बाप्या, दिवाळीपासून तिच्याशी रात्री बारा-बारापर्यंत चॅट करतोय, फोटो मागतोय (कसले ते इथे लिहवत नाही) आणि आता एकटीला भेटायला बोलावतोय. मोबाईल हातात देताना तिचा हात थरथरत होता. प्रत्येक मेसेजच्या शेवटी एकच, 'वाचून डिलीट कर'.

तिची समजूत काढून ताईला सांगितलं तर भावोजी म्हणतात हिनेच हार्ट पाठवलेत, हिलाच आवडतोय तो, केस उलटी आपल्यावर येईल, बोर्डाची परीक्षा होऊ दे, क्लास बदलू. क्लासचे मालक पण म्हणे आपसात मिटवू. मला हे अजिबात पटत नाहीये, त्या बॅचमध्ये अजून मुली आहेत हो! पण पोरीला पोलीस स्टेशनला नेलं आणि नाव बाहेर आलं तर, या विचाराने झोप नाही. कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, आधी भाचीला सांगा की तिचं काही चुकलेलं नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यात (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) १८ च्या आतलं प्रत्येक जण बालक, तिने हो म्हटलं, हार्ट पाठवले, तरी ती संमती धरतच नाहीत. आधी संमतीचं हे वय १६ होतं. पंधराव्या वर्षी शिकवणारा माणूस कौतुक करायला लागला की मुलगी हुरळणारच, समोरच्याला ते पक्कं ठाऊक असतं, म्हणून जबाबदारी पूर्ण त्याची. आणि परीक्षेपर्यंत थांबायचा प्रश्नच नाही, असं काही कळलं की कळवणं कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे, मालकांनाही, संस्थाचालकाने दडवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आपसात मिटवू, घरातली गोष्ट' हे जुनंच आहे, १८९१ ला मुलींच्या संमतीचं वय १० वरून १२ केलं तेव्हाही आपल्याकडे असाच विरोध झाला होता.

तिला चौकीत न्यायची गरज नाही. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, युनिफॉर्म न घालता, आणि आईवडील किंवा तिचा विश्वास असलेली कोणीही व्यक्ती सोबत बसू शकते, म्हणजे तुम्हीसुद्धा. पेपरवाल्यांना नाव, फोटो, शाळा काहीच छापता येत नाही. चॅट डिलीट करू नका, त्याला जाब विचारायलाही जाऊ नका, सावध होईल. आत्ताच बोलायचं असेल तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन, लावा.

धागाकर्ती:
खूप आभार. १०९८ ला बोलले, नीट ऐकून घेतलं त्यांनी. भाचीला विचारलं कोण बसू सोबत, तर म्हणाली तू आणि आई दोघी. भावोजींना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले उद्या रजा टाकतो.