स्लाऊ टाऊनच्या बाहेरगावच्या मॅचना जायचंय. कसं, कुणाबरोबर, आणि मुलीला नेता येईल का?

निखिल_नाशिककर

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त गेल्या वर्षी इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊला आलो. फुटबॉलचं वेड लहानपणापासून, पण सगळं टीव्हीवर. इथं आल्यावर आर्सेनलच्या तिकिटांची चौकशी केली. आधी सभासद व्हा, मग सोडतीत नाव घाला, आणि नंबर लागला तर चार माणसांचे पैसे भरा. तो नाद सोडला.

मग ऑफिसातल्या एकानं शनिवारी स्टेशनवरून चालत अरबर पार्कला नेलं. स्लाऊ टाऊनची मॅच, नॅशनल लीग साउथ, म्हणजे वरून सहावी पायरी. तिकीट दारातच मिळालं. कठड्याला टेकून उभे होतो आणि कॉर्नर मारायला आलेला खेळाडू हाताच्या अंतरावर. माझी नऊ वर्षांची मुलगी त्याला "ऑल द बेस्ट" म्हणाली, त्यानं वळून "थँक्यू" म्हटलं. तेव्हापासून ती दर शुक्रवारी विचारते, उद्या कुठं आहे?

होमच्या मॅच जमतात. आता बाहेरगावीही जावंसं वाटतंय. पण तिथं आपल्यासारखं कुटुंब असतं का? लोक कसे वागतात? गाडीचं तिकीट काढलं आणि पावसानं मॅच रद्द झाली तर काय? आम्ही शाकाहारी, तेही सांगा. कुणी नियमित जाणारं आहे का इथं?

पेठेतली_पूर्वा

आहे की! निखिल, सविस्तर लिहिते.

मी कोल्हापूरची. पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी पेठांच्या फुटबॉल संघांची मॅच असली की आमच्या घरातले झाडून सगळे शाहू स्टेडियमवर. आपल्या पेठेचा संघ म्हणजे काय, हे मला इथं येऊन शिकावं लागलं नाही. 2016 मध्ये अरबर पार्क उघडलं तेव्हापासून मी अंबर आणि निळ्या रंगाची, म्हणजे स्लाऊची आहे.

हे लोक एवढे का फिरतात, ते आधी सांगते. 2003 मध्ये क्लबला वेक्सम पार्क हे जुनं मैदान सोडावं लागलं. पुढची तेरा वर्षं स्लाऊ टाऊनला स्लाऊमध्ये मैदानच नव्हतं. आधी विंडसरला, मग 2007 पासून बीकन्सफील्डला, दुसऱ्यांच्या जागेत भाड्यानं. म्हणजे होमची मॅचसुद्धा गाव सोडून. तुमच्या शेजारी कठड्याला उभे असतात ना ते साठीचे गृहस्थ, ते त्या सगळ्या वर्षांत जात राहिले. समोर मोजकी माणसं, वर पाऊस, वर्तमानपत्रात दोन ओळी. तरी गेले. म्हणून 2016 ला परत यायला क्लब शिल्लक होता. त्यांच्याबरोबर डब्यात बसलात की हे सगळं ऐकायला मिळतं, आणि मला विचाराल तर निम्मा प्रवास त्यासाठीच करावा.

मला स्वतःला सगळ्यात जवळची आठवण किंग्ज लिनची. मे 2018, सदर्न लीगच्या बढतीसाठीच्या प्ले-ऑफची फायनल, सुट्टीचा सोमवार आणि इंग्लंडमध्ये क्वचित पडतं तसलं ऊन. लंडनला पॅडिंग्टन, तिथून किंग्ज क्रॉस, पुढं सपाट शेतांमधून तासन्‌तास. द वॉक्स हे त्यांचं मैदान स्टेशनपासून जवळच. 2-1 जिंकलो आणि नॅशनल लीग साउथमध्ये आलो. शिट्टी वाजल्यावर बीकन्सफील्डच्या दिवसांतली माणसं एकमेकांना मिठी मारून रडत होती. त्याच हंगामात एफए कपात, म्हणजे सगळ्या पायऱ्यांच्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, गेन्सबरोला त्यांच्या घरात 6-0 हरवलं होतं आणि दुसऱ्या फेरीत रॉचडेलनं आपल्याला अरबर पार्कवर 4-0. त्या 6-0 ला गेलेली माणसं अजून त्यावर गप्पा मारतात.

आता कसं जायचं ते. आम्ही बहुतेक रेल्वेनंच जातो. तिघं ते नऊजण एकत्र असाल तर ग्रुपसेव्हमध्ये गर्दीच्या वेळा सोडून तिकिटावर तिसरा हिस्सा सूट मिळते, वेगळं कार्ड लागत नाही. मुलगी बरोबर असेल तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढाच, मोठ्यांना तिसरा हिस्सा आणि मुलांना साठ टक्के. पावसाळी आठवड्यात मात्र स्वस्तातलं ॲडव्हान्स तिकीट काढू नका. ते त्याच गाडीला बांधलेलं असतं आणि मॅच रद्द झाली म्हणून पैसे परत येत नाहीत. आपलं मैदान कृत्रिम गवताचं, त्यामुळं आपण पाणी-चिखल विसरून जातो, पण बाहेर बऱ्याच ठिकाणी खरं गवत आहे. पाऊस झाला असेल किंवा जमीन गोठली असेल तर सकाळी पंच मैदान बघायला येतात. त्यांचा निर्णय क्लबच्या सोशल मीडियाच्या खात्यावर लगेच पडतो. तो बघूनच निघा.

या पायरीवर बहुतेक मॅचना पाहुण्यांना वेगळ्या पिंजऱ्यात घालत नाहीत. आपला संघ ज्या गोलकडं हल्ला करतो त्या गोलमागं आपण उभे राहायचं, आणि मध्यंतरात सगळे चालत दुसऱ्या टोकाला. वाटेत समोरून त्यांचे लोक येतात, "तुमचा तो डावा बॅक चांगला आहे हां" असं बोलून जातात. मोठ्या लीगमध्ये हे होणं शक्य नाही.

आणि तुमचा आवाज खेळाडूंना खरंच ऐकू जातो. यातले बरेचजण दिवसा दुसरी नोकरी करून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी सराव करतात. मंगळवारी रात्री, थंडीत, शंभर मैलांवर त्यांच्यासाठी पन्नास माणसं आलेली असतात. मॅच संपली की ते कठड्यापाशी येऊन एकेकाचा हात हातात घेतात. हरले असले तरी येतात. हरल्यावर तर आपण थांबायलाच हवं, हे मी ठामपणे सांगेन.

बाथला एकदा जाच. बाथ स्पाला उतरून एक स्टेशन पुढं ओल्डफील्ड पार्क, तिथून पायी ट्वर्टन पार्क. बाथ सिटी 1932 पासून तिथं आहे. ब्रिस्टल रोव्हर्ससारख्या मोठ्या लीगच्या क्लबलाही 1986 ते 1996 तिथं भाड्यानं राहावं लागलं होतं, त्यामुळं आपल्या जुन्या लोकांना त्या मैदानाविषयी वेगळी माया आहे. तिथं आमच्यातले एक काका झेंडा बांधत होते. त्यांच्याकडं कापडी पिशवीत प्लॅस्टिकचे बंद आणि एक छोटी कात्री असते. वारा सोसाट्याचा, बोटं गारठलेली, तरी झेंड्याची चारही टोकं ताणून क्लबचं नाव कुठं दुमडत नाही ना, हे लांब जाऊन बघून आले. मॅच संपल्यावर एकेक बंद कापला आणि कापलेला प्रत्येक तुकडा वाकून उचलून पिशवीत टाकला. "दुसऱ्याच्या घरी आलोय आपण," म्हणाले. मी तेव्हापासून ते तुकडे वेचायला त्यांच्याबरोबर थांबते.

आपल्या माणसांविषयी विचारलंत. खरं ते सांगते. बाहेरगावी आपण बऱ्याचदा एकटेच भारतीय असतो. बहुतेक ठिकाणी आवर्जून विचारपूस होते. एका मैदानावर मात्र एकानं मला उद्देशून घाणेरडं बोललेलं आहे. मी काही म्हणायच्या आत आपले चारजण माझ्या बाजूला येऊन उभे राहिले, त्यांच्याच क्लबच्या, मैदानाची व्यवस्था बघणाऱ्या स्टुअर्डनं त्या माणसाला बाहेर काढलं आणि त्यांच्या समितीतल्या बाईंनी येऊन माफी मागितली. त्या संध्याकाळी मला फार राग आला होता. पुढच्या शनिवारी मी गेले, कारण ते मैदान जितकं त्याचं तितकंच माझं. तुमच्यावर अशी वेळ आली तर गप्प बसू नका. स्टुअर्डला लगेच सांगा, आणि किक इट आउट या भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेकडंही तक्रार करता येते.

खाणं: चिप्स सगळीकडं मिळतात, चीज घातलेल्याही. आम्ही थालीपीठं आणि भडंग नेतो. भडंगाचा डबा गोलमागं उघडला की पाच मिनिटांत रिकामा, आता तर आधीच विचारतात, "आणलंय का?"

एक विनंती. तिथं जाल तेव्हा कार्यक्रमपत्रिका विकत घ्या, लकी ड्रॉचं तिकीट घ्या, चहा त्यांच्याच खिडकीवर प्या. या क्लबांचा संसार दारातल्या पैशावर आणि त्या चहावर चालतो. टीव्हीचे कोट्यवधी इथंपर्यंत येत नाहीत.

टॉर्कीचा_डॉक्टर

पूर्वाताई, वाचून बरं वाटलं. मी विरुद्ध बाजूचा, टॉर्की युनायटेडचा. आमचा क्लब 1927 ते 2007 फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांत होता, नंतर वरखाली होत 2023 मध्ये तुमच्या पायरीवर आला. 2024 च्या सुरुवातीला तर क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला, दहा गुण कापले गेले. वॉर्डातले पेशंट मला विचारायचे, "डॉक्टर, आपला क्लब वाचेल ना?" वाचला.

निखिल, डेव्हनमधून आम्हाला प्रत्येक बाहेरची मॅच लांबच. पण आमच्याहून पुढं कॉर्नवॉलचा ट्रुरो सिटी आहे. ते 2025 मध्ये आपली लीग जिंकून पाचव्या पायरीवर गेले, कॉर्नवॉलमधून तिथं पोचलेला पहिलाच क्लब. 2025-26 च्या हंगामात त्यांना पार उत्तरेला गेट्सहेडला जायचं होतं, एका बाजूनंच साडेचारशे मैलांच्या आसपास. तरी त्यांची माणसं निघतात.

लोकांना वाटतं वर जाणं सोपं आहे. 2025 पर्यंत तरी पाचव्या पायरीवरून वर दोनच क्लब जात होते, एक विजेता आणि एक प्ले-ऑफमधून. तिसरी जागा मिळावी म्हणून सगळ्या क्लबांनी एकत्र मोहीम काढली, ती मला अगदी न्याय्य वाटते. शिवाय कृत्रिम गवत वरच्या चार पायऱ्यांवर चालत नाही. हॅरोगेट, सटन, ब्रॉम्ली, तिघांनाही बढती मिळाल्यावर मैदान उकरून खरं गवत लावावं लागलं. स्लाऊलाही कधीतरी हा खर्च करायला लागो, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्लेनमूरला, आमच्या मैदानावर याल तेव्हा आधी समुद्रावर जा. मुलीला आवडेल. स्टेशनपासून मैदानापर्यंत चढ आहे, टॅक्सी करा.

निखिल_नाशिककर

पूर्वाताई, डॉक्टर, दोघांचे आभार. बायकोला सगळं वाचून दाखवलं, ती पण येते म्हणाली. पहिली मॅच कुठली धरू? फार लांब नको.

पेठेतली_पूर्वा

मेडनहेड. डोळे झाकून. 2025 मध्ये ते वरून खाली आपल्या लीगमध्ये आले, त्यामुळं शेजाऱ्यांची मॅच परत मिळाली. स्लाऊवरून एलिझाबेथ लाईन: बर्नहॅम, टॅप्लो, मेडनहेड. स्टेशनपासून यॉर्क रोड चालत काही मिनिटं, मैदानाला लागूनच रूळ, मॅच चालू असताना गाड्या जाताना दिसतात. 1871 पासून तोच क्लब त्याच मैदानावर खेळतोय. मोठ्या फुटबॉलमध्ये एकाच क्लबनं अखंड वापरलेलं याहून जुनं मैदान जगात नाही असं मानतात. मुलीला हे आधी सांगून ठेवा, तिथं उभं राहताना वेगळं वाटेल.

डर्बीला, म्हणजे अशा शेजाऱ्यांच्या मॅचला, गर्दी होते आणि कधी पाहुण्यांना वेगळं उभं करतात, म्हणून तिकिटं आधी ऑनलाइन घ्या आणि पाहुण्यांच्या बाजूची घेताय ना ते नीट बघा. स्कार्फ अरबर पार्कच्या दुकानातून घ्या, पैसे क्लबला जातात. आम्ही साडेबाराच्या सुमारास स्लाऊ स्टेशनवर जमतो, अंबर रंग दिसेलच. त्या काकांना मी सांगून ठेवते, झेंडा धरायला एक नऊ वर्षांची येणार आहे म्हणून. भडंग मी आणते, तुम्ही नाशिकचा चिवडा आणा.