टाकीची पातळी घरी कशी कळावी? माळावर रेंज धड नाही

कृष्णाकाठ:
आमची बारा जणांची उपसा सिंचन योजना. कृष्णेवर जॅकवेल (पंप बसवलेली काठावरची विहीर), तिथून ३ किलोमीटरवर माळावर ४ मीटर खोल टाकी. थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीचीच. गेल्या हंगामात टाकीवर लेव्हल सेन्सर आणि टू-जी मॉडेम बसवला. दर १० मिनिटांनी मोबाईलवर आकडा यायचा. एका रात्री २.१ मीटर दिसलं, तासाभरानं पाहिलं तरी २.१. मी झोपलो. पहाटे पाणक्या धावत आला. टाकी वरून वाहत होती, खालच्या शेजाऱ्यांच्या हळदीचे गादीवाफे धुऊन गेले होते. मॉडेम रात्री एकच्या आधीच बंद पडलेला. मी बघत होतो तो शेवटचा आकडा. शेजारी एका शब्दानं बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आता ६८ वर्षांचे वडील रोज रात्री बॅटरी घेऊन माळ चढतात. हे मला थांबवायचंय. रेडिओ मॉडेम लावू की दुसरा फोन मॉडेम?

जुना वायरमन:
दोन्ही लावा, पण जागा बदला. टाकी ते जॅकवेल रेडिओ, जॅकवेल ते घर फोन. मग टाकी भरली की पंप बंद करायला मोबाईलची रेंज लागतच नाही. लोरा (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ) मॉड्यूल ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचं घ्या, त्या पट्ट्यात परवाना लागत नाही. नुसती टाकी डोळ्यांना दिसून भागत नाही. निम्म्या वाटेवर दोन्ही अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवती साधारण १० मीटर मोकळं हवं. चाचणी उसाच्या लागणीआधी नको, ऊस डोक्यावर गेल्यावर भर पावसात घ्या.

मॉडेमचं म्हणाल तर आधी सप्लाय तपासा. टू-जी मॉडेम निरोप पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो. वायर बारीक नि लांब असली की व्होल्टेज पडतं आणि तो अडकून बसतो. वायर जाड घ्या, मॉडेमच्या अगदी पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. आणि जिओचं कार्ड टू-जी मॉडेमला चालत नाही, त्यांचं टू-जी नेटवर्कच नाही.

पाणमोजणी:
सेन्सर पातळी ४ ते २० मिलीअँपिअर करंटनं सांगणारा असेल तर रिकाम्या टाकीलाही ४ येतात. शून्य आलं म्हणजे वायर तुटली, टाकी रिकामी झाली नाही. प्रत्येक आकड्यासोबत वेळ पाठवा. रेडिओ दर २ मिनिटांनी बोलू दे. लागोपाठ ५ निरोप चुकले की पंप आपोआप बंद. फार तर एक पाळी जाईल, शेजाऱ्याचं रान तरी वाचेल.

कृष्णाकाठ:
काल वडिलांना घेऊन जॅकवेलच्या स्लॅबवर चढलो. टाकी दिसते, पण मधे आमचाच आंबा येतो. वडिलांनी लावलेला आहे, तोडणार नाही. स्लॅबवर अँटेनासाठी ६ मीटरचा जीआय पाइप उभा करतो. वळवाच्या विजांची धास्ती वाटते. पाइपाचं अर्थिंग वेगळं ठेवू का?

जुना वायरमन:
पाइपाला स्वतःचा रॉड ठोका, पण तो स्टार्टरच्या अर्थिंगला जाड पट्टीनं जोडा. दोन्ही सुटी ठेवलीत तर जवळ वीज पडल्यावर दोन्हींतला व्होल्टेजचा फरक तुमच्या बोर्डातून वाट काढतो.