विणकाम : सुरुवातीलाच कुणी सांगायला हवं होतं...

गेल्या आठवड्यात भाचीने आयुष्यातला पहिला मफलर विणायला घेतला. 40 टाके, दोन सुलट-दोन उलट. वीतभर झाल्यावर मोजले तर 47! बिचारी रडवेली झाली. मी मफलर हातात घेतला आणि भोकं दिसली. उलट टाक्यावरून सुलट टाक्यावर जाताना लोकर सुईच्या मागे न्यायची राहिली की सुईवर एक जास्तीचा वेढा पडतो, पुढच्या ओळीत त्याचाच टाका होतो आणि त्याच्याखाली भोक राहतं. माझंही पहिल्या वर्षी हेच व्हायचं. आई म्हणायची, "मोजत जा." मोजल्यावर चूक झालीय हे कळतं, पण कुठे झाली ते कळत नाही. त्यासाठी विणीकडे बघता यावं लागतं, आणि ते मला फार उशिरा आलं.

म्हणून चर्चेचा हा धागा. विणायला लागलात तेव्हा काय माहीत असतं तर बरं झालं असतं? लहानमोठं सगळं लिहा, भाचीला वाचून दाखवणार आहे.

* * *

नमुना! म्हणजे आधी छोटा तुकडा विणून टाके मोजणं. दुसरं काही नाही सांगणार.

माझा पहिला स्वेटर बाबांसाठी होता. पुस्तकात 10 सेंटिमीटरला 22 टाके दिलेले, छाती 100 सेंटिमीटर, म्हणून पाठीला 110 आणि पुढच्या भागाला 110. रोज रात्री जेवणं आटोपली की बसायचे. अडीच महिने लागले. शिवून झाल्यावर बाबांनी घातला तर खांदे दंडावर उतरलेले. माझा हात सैल, मला 10 सेंटिमीटरला 20 च टाके येत होते. दोन टाक्यांनी काय होणार असं वाटतं ना? 220 टाक्यांचे 110 सेंटिमीटर होतात. बाबांनी तो स्वेटर दोन हिवाळे घातला, बाह्या दुमडून, आणि प्रत्येक पाहुण्याला "लेकीने विणलाय" म्हणून दाखवला. मला मात्र दर वेळी ते खांदेच दिसायचे.

आता मी 15 सेंटिमीटरचा चौकोन विणते, धुते, वाळवते आणि मधोमध मोजते. काठाजवळ मोजू नका, तिथले टाके फसवतात. 22 च्या जागी 20 आले तर बारीक सुई घेऊन पुन्हा विणायचा. एक संध्याकाळ जाते, पण अडीच महिने वाचतात.

* * *

वरच्या ताईंनी "बारीक सुई" म्हटलं त्यावरून लिहिते. मी न्यू जर्सीत असते. येताना आईच्या 8 नंबरच्या सुया आणल्या होत्या. इथल्या पॅटर्नमध्येही 8 नंबर लिहिलेला, म्हणून निश्चिंतपणे लेकीची टोपी विणली, आणि ती तिच्या डोक्यात जाईना.

आपल्याकडचे जुने नंबर ब्रिटिश पद्धतीचे. नंबर वाढला की सुई बारीक होते : 8 म्हणजे 4 मिलिमीटर, 10 म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत बरोबर उलटं. तिथली 8 नंबर सुई 5 मिलिमीटरची, आणि आपली 8 ती त्यांची 6. नंबर विसरा, मिलिमीटर बघा. जुन्या सुयांवरचे आकडे पुसलेले असतील तर भोकांची पट्टी मिळते, त्यात घालून मापता येतात.

* * *

लोकर एकदम घ्या, एक गुंडा जास्तच. लेबलवर डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, नंबर असतो तो सगळ्यांवर एकच आहे ना, ते दुकानातच बघा. माझ्या निळ्या स्वेटरची एक बाही दुसऱ्या लॉटची आहे. रात्री दिव्याखाली कळत नाही, गच्चीत गेलं की लांबून दिसते.

* * *

मी डावखुरी आहे. शिकवणारीच्या शेजारी बसून वर्षभर काही जमलं नाही. मग एका मावशींनी समोर बसवलं. आरशात बघावं तसं बघत गेले आणि दुपारभरात टाके घालायला आले. डावखुऱ्या मुलींना समोर बसवा हो.

* * *

मी नाशिकची, वय 74. आमच्या लग्नानंतरच्या काळात नवी लोकर क्वचितच यायची. मुलं वाढली की जुना स्वेटर उसवायचा, लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, धुवायची आणि ओलीच टांगायची. वाळेपर्यंत तिच्या कुरळ्या वळ्या उलगडतात. त्यामुळे मला उसवायची भीती कधी वाटली नाही.

पण एक गोष्ट सासूबाईंकडूनच शिकले. थोरल्याच्या बारशासाठी पिवळा स्वेटर विणला होता. पाळण्याची वेळ झाली, बायका जमल्या, आणि गळा काही डोक्यातून उतरेना. बाळाने रडून घर डोक्यावर घेतलं. सासूबाईंनी स्वेटर मागून घेतला, गळपट्टीची शेवटची ओळ उसवली, टाके सुईवर घेतले आणि दोन नंबरांनी जाड सुई उजव्या हातात धरून पुन्हा बंद केले. मला म्हणाल्या, "बंद करताना हात आवळतो गं सगळ्यांचाच. म्हणून सुईच जाड घ्यायची." पाच मिनिटांत बाळ त्या स्वेटरमध्ये होतं. आता नातीच्या मुलासाठी विणते, तरी गळ्याशी आले की जाड सुई शोधते.

* * *

निवृत्तीनंतर शिकलो. पहिला मफलर एका बाजूने सुलट, दुसऱ्या बाजूने उलट असा साधा विणला, तर दोन्ही काठ वळून त्याची नळी झाली. त्या विणीचा तो स्वभावच आहे. काठाचे चार-पाच टाके प्रत्येक ओळीत सुलट घेतले तर सपाट राहायला मदत होते. मला हे माहीत नव्हतं, म्हणून मी गरम इस्त्री फिरवली. लोकर ॲक्रिलिकची. वीण चपटी, चकचकीत आणि लोळागोळा झाली, ती पुन्हा कधी उठली नाही. ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका.

* * *

धागाकर्ती : सगळ्यांचे मनापासून आभार, आजींचे जास्तच. भाचीने काल मफलर स्वतः उसवला. आधी खालच्या, पहिलं भोक पडायच्या आधीच्या ओळीत सुई ओवून घेतली, प्रत्येक टाक्याच्या वेढ्याची उजवी बाजू उचलत, आणि मगच वरची लोकर ओढली. एकही टाका सुटला नाही. मोजले, 40 भरले. आता विचारतेय, टोकांना गोंडे लावायचे तर लोकर आधीच बाजूला काढून ठेवू का? हो म्हटलंय. किती ठेवायची ते तुम्ही सांगा.